कॅमेरा ठरवण्याआधी त्याची फाईल बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीचे कथकचे कार्यक्रम, शाळेचं गॅदरिंग आणि पुतण्याची मुंज यांच्या शूटिंगसाठी हँडीकॅम घ्यायचा आहे. एडिटिंग घरच्याच लॅपटॉपवर करणार, तो आठव्या पिढीचा आय-५, रॅम ८ जीबी. भावाच्या जुन्या हँडीकॅमच्या फायली टाकून बघितल्या तर चित्र आलं, आवाज आला नाही. मित्राच्या नव्या मिररलेस कॅमेऱ्याच्या ४के फायली टाकल्या तर लॅपटॉपच अडकला. बहीण अमेरिकेहून येते आहे, तिच्याकडून मागवावा का, हाही प्रश्न आहे. शिवाय कपाटात मिनी डीव्हीच्या कॅसेटी पडून आहेत.

आधी उत्तर देतो. भारतातलं, म्हणजे पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) पद्धतीचं मॉडेल घ्या. ते एमपी४ फाईल देणारं हवं. आत एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत), ८-बिट रंग, फ्रेम रेट ५०पी किंवा २५पी (सेकंदाला ५० किंवा २५ फ्रेम), बिटरेट, म्हणजे सेकंदाला साठवला जाणारा डेटा, फुल एचडीला ५० मेगाबिटच्या आसपास. एवढं ज्या कॅमेऱ्याला जमतं तो तुमच्या लॅपटॉपवर चालेल. कंपनी, मेगापिक्सेल, खोक्यावरचे स्टिकर हे सगळं त्यानंतर. लोक नेमकं उलट करतात. झूम बघून कॅमेरा घेतात आणि महिनाभराने फाईल उघडत नाही म्हणून एडिटरला फोन करतात.

मित्राच्या कॅमेऱ्याने लॅपटॉप का अडकला ते आधी बघू, कारण बाकीचं बरंचसं त्यातून कळतं. आजचे जवळजवळ सगळे घरगुती कॅमेरे प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. जुन्या खातेवहीत पानाच्या वर आधीची शिल्लक लिहिलेली असते आणि खाली फक्त रोजचा जमा-खर्च. सतरा तारखेची शिल्लक हवी असेल तर वरपासून बेरीज करत खाली यावं लागतं. व्हिडिओत साधारण दर अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण फ्रेम असते, मधल्या फ्रेम म्हणजे फक्त झालेला फरक. नुसतं बघताना हे जाणवत नाही, कारण बेरीज एकाच दिशेने चालते. पण एडिटिंगमध्ये आपण मागे येतो, मधेच कापतो, दोन थर एकावर एक ठेवतो. प्रत्येक वेळी लॅपटॉपला बेरीज पहिल्यापासून मांडावी लागते. हे काम चिपमधल्या खास भागाने केलं तर चुटकीसरशी होतं, पण तो भाग ठरावीक प्रकारच्याच फायली ओळखतो. तुमच्या आठव्या पिढीच्या इंटेल चिपला ८-बिट एच.२६४ येतं आणि एच.२६५, म्हणजे एचईव्हीसी, १०-बिटपर्यंत येतं. पण ते ४:२:० रंगाचं (रंगाची माहिती किती ठेवली याचं हे माप) असेल तरच. मिररलेस कॅमेरे चांगल्या रंगासाठी १०-बिट ४:२:२ देतात. ते या चिपच्या यादीत नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर येतो, पंखा घोंघावायला लागतो आणि टाईमलाईन, म्हणजे क्लिप लावायची पट्टी, थांबते. एच.२६४ मधलं १०-बिट ४:२:२ तर नव्यातल्याही बऱ्याच विंडोज लॅपटॉपांना असंच जड जातं. मॅकवाल्यांचं बरं चाललं आहे: एम१ पासूनच्या चिप एचईव्हीसीचं ४:२:२ हार्डवेअरवर उलगडतात.

म्हणजे मित्राचा कॅमेरा वाईट नाही. तो रंगांवर काम करणाऱ्यासाठी आहे. मुंजीच्या व्हिडिओत तुम्ही रंगांशी फारसं खेळणार नाही, तेव्हा ८-बिट पुरे.

आता भावाचा हँडीकॅम. त्याचं कार्ड संगणकाला लावलं की बहुधा असं दिसतं: ‘प्रायव्हेट’ नावाचं फोल्डर, त्यात ‘एव्हीसीएचडी’, त्यात ‘बीडीएमव्ही’, त्यात ‘स्ट्रीम’, आणि तिथे ‘०००००.एमटीएस’, ‘००००१.एमटीएस’ अशा फायली. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये आणलेला हा एव्हीसीएचडी फॉरमॅट. त्याची रचना ब्लू-रे डिस्कच्या धर्तीवर केलेली आहे. चित्र एच.२६४ मध्येच असतं, पण आवाज बहुधा डॉल्बी डिजिटल, म्हणजे एसी-३. त्याचा परवाना सॉफ्टवेअर कंपन्यांना घ्यावा लागायचा, म्हणून काही एडिटिंग प्रोग्रॅम, विशेषतः मोफत मिळणारे, तो वाचतच नाहीत. तुमचा आवाज तिथे गेला. फाईल खराब नाही. ‘शटर एन्कोडर’सारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये चित्राला हात न लावता आवाज पीसीएममध्ये, म्हणजे न दाबलेल्या साध्या रूपात, बदलून घेता येतो. काम मिनिटांत होतं, दर्जा तसाच राहतो.

एव्हीसीएचडीची खरी डोकेदुखी वेगळीच आहे आणि तुमच्यासाठी ती महत्त्वाची, कारण कथकचा कार्यक्रम सलग चालतो. हे कॅमेरे लांब रेकॉर्डिंगचे तुकडे करतात, कोणी दोन जीबीला, कोणी चार जीबीला. २८ मेगाबिटला दोन जीबी म्हणजे साडेनऊ मिनिटांच्या आसपास. तुम्ही कार्डावरून नुसत्या एमटीएस फायली ओढून घेतल्या आणि टाईमलाईनवर एकामागोमाग लावल्या, तर जोडावर आवाजात बारीकशी फट पडू शकते. भाषण असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पण तिहाई (तोच बोल तीनदा) चालू आहे, तिसरा ‘धा’ समेवर पडायचा आणि नेमका तिथेच जोड आला, तर तबला अडखळल्यासारखा ऐकू येतो. घरी बघणारा म्हणतो, पोरगी चुकली वाटतं. यावरचा उपाय म्हणजे कार्डावरचं सगळं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करणं आणि कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या प्रोग्रॅमने क्लिप आत घेणं. तुकडे कसे सांधायचे याची नोंद त्याच फोल्डरातल्या इतर छोट्या फायलींत असते, आणि ‘या कशाला हव्यात’ म्हणून लोक नेमक्या त्याच पुसतात.

जमेल तेवढं हे टाळाच. सोनीने २०१३ मध्ये एक्सएव्हीसी एस आणला. त्यात तेच एच.२६४ साध्या एमपी४ फाईलमध्ये येतं, आवाज बिनदाबलेला पीसीएम असतो. एडिटरला याहून सोपं खाणं नाही. मात्र सोनीच्या अनेक हँडीकॅमना त्यासाठी ६४ जीबी किंवा त्याहून मोठं एसडीएक्ससी कार्ड लागतं. लहान कार्ड घातलं की मेनूत तो पर्याय चालत नाही, लोकांना वाटतं आपल्या कॅमेऱ्यात नाहीच, आणि वर्षानुवर्षं एव्हीसीएचडीत शूटिंग होत राहतं. भावाला एकदा मेनू बघायला सांगा.

मेनूतच आणखी एक गोष्ट बघायची: ५०आय की ५०पी. ‘आय’ म्हणजे इंटरलेस्ड. एका फ्रेममध्ये अर्ध्या आडव्या रेघा आधीच्या क्षणाच्या, अर्ध्या नंतरच्या. मुलगी चक्कर घेत असताना फ्रेम थांबवा, हाताच्या कडेला दातेरी रेघा दिसतील. जुन्या टीव्हीवर त्या दिसत नसत. मोबाईलवर आणि लॅपटॉपवर दिसतात, आणि एडिटरमध्ये काढायच्या तर डीइंटरलेसिंगमध्ये चित्र थोडं मऊ पडतं. एव्हीसीएचडीतच शूट करायची वेळ आली तर सोनीत ‘पीएस’ हा मोड लावा, तो ५०पी, २८ मेगाबिटचा. ‘एफएक्स’ आणि ‘एफएच’ हे ५०आय आहेत. पीएस मोड २०११ पासूनच्या मॉडेलांतच असतो, आधीच्या एव्हीसीएचडीत फुल एचडी ५०पी नव्हतंच.

आता बहिणीचा प्रश्न. आणू नका म्हणा. अमेरिकेत विकले जाणारे हँडीकॅम एनटीएससी पद्धतीचे, ६०आय, ६०पी, ३०पी असे असतात, आणि घरगुती मॉडेलांत बहुधा पालवर जाण्याची सोय नसते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. त्याखाली १/६० शटरने घेतलेलं चित्र लुकलुकतं. मंगल कार्यालयात चारी बाजूंनी दिवे असतात, तिथे भिंतीवर पट्टे सरकताना दिसतात. शटर १/५० किंवा १/१०० ला बांधता आलं तर लुकलुक जाते, पण ऑटोवर चालणाऱ्या स्वस्त हँडीकॅममध्ये ते करता येईलच असं नाही. शिवाय भावाचा कॅमेरा ५०चा आणि तुमचा ६०चा, दोन्ही एका टाईमलाईनवर आले की एकाची हालचाल झटके खाते. दा व्हिन्ची रिझॉल्व हा एडिटिंग प्रोग्रॅम तर क्लिप टाकल्यावर प्रोजेक्टचा फ्रेम रेट सहजी बदलूही देत नाही. वॉरंटीचा घोळ वेगळाच. बहिणीकडून चांगलं मेमरी कार्ड मागवा, किंवा माइक. त्यांना देशाचं बंधन नाही.

मॉडेलांबद्दल. मोबाईलने हा बाजार खाल्ला, त्यामुळे मोजकीच उरली आहेत आणि काही तर फक्त जुन्या साठ्यात मिळतात. सोनी एचडीआर-सीएक्स४०५ हा २०१५ चा, फुल एचडीचा, ३० पट ऑप्टिकल झूम आणि ५० मेगाबिटचा एक्सएव्हीसी एस. फायलींच्या बाबतीत तुमच्या लॅपटॉपला अगदी साजेसा. पण सेन्सर एवढासा आहे, म्हणून बालगंधर्व रंगमंदिरात मागच्या रांगेतून घेतलं तर अंधाऱ्या भागात दाणे दिसणार. आणि माइक लावायची जागाच नाही. दिवसाउजेडीची मुंज, बारसं, सहल यांना चालेल. खिसा थोडा सैल सोडायची तयारी असेल तर सोनी एफडीआर-एएक्स४३ बघा: २० पट झूम, माइक आणि हेडफोन दोन्हींचे जॅक, आणि लेन्सच स्थिर ठेवणारी स्टेबिलायझेशन, जिच्यामुळे हातातलं शूटिंगसुद्धा बघवतं. ४के आहे, पण तुम्ही त्याला फुल एचडी ५०पी वर लावा. ४के १०० मेगाबिटला तासाला ४५ जीबी जातात, ५० मेगाबिटच्या फुल एचडीला साडेबावीस. हा फरक तुमच्या हार्ड डिस्कला आणि ८ जीबी रॅमला चांगलाच जाणवेल. पॅनासॉनिकचे एचसी मालिकेतले आणि कॅननचे लेग्रियाही चांगले. त्यांत एव्हीसीएचडी आणि एमपी४ असे दोन्ही पर्याय दिसले तर एमपी४ निवडा, पण बिटरेट बघून. काही मॉडेलांत एमपी४ हा व्हॉट्सॲपवर पाठवण्यापुरता, हलक्या दर्जाचा दिलेला असतो आणि खरा दर्जा एव्हीसीएचडीतच असतो.

ऑनलाईन दिसणारे ‘४के ४८ मेगापिक्सेल हँडीकॅम, सोबत माइक, लाइट, रिमोट’ असले अनोळखी नावांचे खोके घेऊ नका. बहुतेकांत ऑप्टिकल झूम नसतो, १६ पट किंवा १८ पट लिहिलेला झूम डिजिटल, म्हणजे चित्र कापून मोठं केलेलं. ४के देखील बहुतेक वेळा लहान चित्र फुगवून केलेलं. काहींच्या फायलींमध्ये फ्रेम रेटच एकसारखा राहत नाही आणि पाच मिनिटांनी ओठ पुढे, शब्द मागे.

हा फ्रेम रेट हलण्याचा प्रकार मोबाईलमध्येही आहे, म्हणून मोबाईलबद्दल दोन शब्द. मोबाईलने घेतलेला व्हिडिओ अंधार पडला, फोन तापला की फ्रेम कमी-जास्त करतो. बघताना ठीक दिसतो, काही एडिटरांत मात्र आवाज हळूहळू सरकतो. ‘शॉटकट’ नावाचा मोफत एडिटर अशी फाईल टाकली की आपणहून विचारतो, एडिटिंगला सोपी करून घेऊ का. तिथे हो म्हणायचं. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं तर नेहमीच्या मोडांत एचईव्हीसीऐवजी एच.२६४ मिळतं. एचडीआर बंद करा, नाहीतर एडिटरमध्ये रंग पांढुरके किंवा भडक दिसतील. पाल फॉरमॅट दाखवण्याचं बटण चालू केलं की २५ फ्रेमचा पर्याय येतो, म्हणजे हँडीकॅमशी जुळतो. अँड्रॉइडवर ‘ब्लॅकमॅजिक कॅमेरा’ हे मोफत ॲप बऱ्याच फोनांवर चालतं, त्यात फ्रेम रेट आणि शटर दोन्ही आपल्या हातात राहतं.

एवढं असताना हँडीकॅम घ्यायचाच कशाला? झूम आणि लांब रेकॉर्डिंग यांसाठी. स्टेजपासून पंधराव्या रांगेत बसून चेहऱ्यावरचा अभिनय टिपायचा तर खरा ऑप्टिकल झूम लागतो. आणि बरेच जुने स्टिल कॅमेरे अर्ध्या तासाच्या आत रेकॉर्डिंग थांबवतात. युरोपात अर्ध्या तासाहून जास्त रेकॉर्ड करणाऱ्या उपकरणाला व्हिडिओ कॅमेऱ्याचं सीमाशुल्क लागायचं, त्याची ही मर्यादा. हँडीकॅम कार्ड भरेपर्यंत किंवा बॅटरी संपेपर्यंत चालतो. तुमच्या घरातला कार्यक्रम अंगणात, चार हातांवर होणार असेल तर मात्र चांगला मोबाईल आणि ट्रायपॉड पुरतो, पैसे वाचवा.

दुकानात काय करायचं ते सांगतो. स्वतःचं कार्ड घेऊन जा. ते कॅमेऱ्यात फॉरमॅट करा, मेनूत तुम्हाला हवा तो मोड लावा, ट्यूबलाइटखाली एक क्लिप घ्या. शेल्फांवरून भरभर कॅमेरा फिरवा, चालू पंख्यावर थांबा, दुकानदाराला टाळ्या वाजवायला सांगा. टाळ्या मागाहून आवाज आणि चित्र जुळतं का हे बघायला. कार्ड घरी आणून ‘मीडियाइन्फो’ या मोफत प्रोग्रॅममध्ये फाईल उघडा. त्यात चार ओळी वाचायच्या: फॉरमॅट एव्हीसी आहे का (एच.२६४ ला तिथे एव्हीसी म्हणतात), फ्रेम रेट मोड ‘कॉन्स्टंट’ आहे का, स्कॅन टाईप ‘प्रोग्रेसिव्ह’ आहे का, बिट डेप्थ ८ आहे का. चारही जुळल्या की तीच क्लिप एडिटरमध्ये टाका, मधे कापा, मागे-पुढे ओढा, एक्स्पोर्ट करा. ओळखीच्या दुकानदाराने एवढं करू दिलं नाही असं सहसा होत नाही. ऑनलाईनच घेणार असाल तर कोणाकडे तोच कॅमेरा असेल त्याची एक मूळ फाईल पेनड्राईव्हवर मागा. व्हॉट्सॲपवर नको, व्हॉट्सॲप फाईल पुन्हा दाबतं आणि तुम्ही भलतंच तपासत बसाल.

कार्ड व्ही३० लिहिलेलं घ्या. सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची ती खात्री असते, ५० मेगाबिटला सव्वासहा एमबी लागतात, म्हणजे भरपूर झालं. नकली कार्डांचा सुळसुळाट आहे. ‘एच२टेस्टडब्ल्यू’ने एकदा पूर्ण भरून तपासा, मगच कार्यक्रमाला न्या. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ लावा. दोन कॅमेऱ्यांच्या क्लिप वेळेनुसार लावताना एक २०१५ मध्ये अडकलेला असेल तर अख्खी संध्याकाळ जाते.

लॅपटॉपसाठी: एसएसडी नसेल तर कॅमेऱ्याच्या बजेटमधून तिचे पैसे आधी काढा, रॅम १६ करता आली तर करा. रिझॉल्वला विंडोजवर १६ जीबी तरी हवीच असते. तोवर शॉटकट किंवा केडेनलाईव्ह वापरा आणि प्रॉक्सी चालू ठेवा. प्रॉक्सी म्हणजे एडिटर प्रत्येक क्लिपची एक हलकी प्रत बनवतो, कापाकापी तिच्यावर होते, शेवटचं एक्स्पोर्ट मूळ फाईलवरून. या युक्तीने मित्राच्या ४के फायलीही तुमच्या लॅपटॉपवर एडिट होतील, फक्त प्रॉक्सी बनेपर्यंत जेवण उरकून घ्या.

राहिल्या कॅसेटी. गंमत म्हणजे मिनी डीव्ही हा एडिटिंगला आजवरचा सर्वांत सोपा घरगुती फॉरमॅट: प्रत्येक फ्रेम पूर्ण, २५ मेगाबिट, तासाला १३ जीबी. अडचण फक्त बाहेर काढण्याची. त्याला फायरवायर ही जुनी केबल-जोडणी लागते आणि नव्या लॅपटॉपांवर ती नसते. फायरवायर कार्ड असलेला जुना डेस्कटॉप कोणाकडे असेल तर शोधा. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी आणि यूएसबी डोंगलने घेतलेलं चित्र चालतं, पण डिजिटल टेपचं आधी ॲनालॉग करून पुन्हा दाबलेलं असतं. घ्यायला टेपच्या लांबीएवढाच वेळ लागतो, तासाला तास. कॅसेटचा जुना हँडीकॅम सुरू होत नसेल तर दुरुस्तीवर फार खर्च करण्याआधी तसलाच चालू कॅमेरा जुन्या बाजारात बघा. मात्र डीव्हीडीवर किंवा हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करणारा गळ्यात मारून घेऊ नका, त्यात तुमची कॅसेट जाणारच नाही. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी बुरशी दिसली, आणि कोकणात किंवा मुंबईत ठेवलेल्या कॅसेटींवर ती बऱ्याचदा असते, तर ती कॅसेट मशीनमध्ये घालू नका, हेड खराब होतं आणि पुढच्या कॅसेटींनाही लागतं. ती टेप साफ करून देणाऱ्याकडे द्या. बाकीच्या आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या, मग कॅप्चर लावा.